कोरडं हवामान

"त्या दिवशी गोळीबाराचा हुकूम पोचलाच नाही," एवढी एकच ओळ राज्याच्या इतिहासात छापली आहे.

हुकूम पोचला होता. दुपारी साडेतीनला, तार ऑफिसात. बाहेर चौकात पाच हजार माणसं रस्ता अडवून बसली होती आणि पहिल्याच रांगेत तारमास्तरांची थोरली लेक होती. समोर शिपाई बंदुका रोखून उभे, आणि त्यांचे साहेब हुकमाची वाट बघत तारमास्तरांच्या खुर्चीमागे येऊन थांबलेले. इतक्यात यंत्र कडकट्ट करू लागलं. तो आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला, पण त्यातली अक्षरं आपल्या एकट्यालाच कळतात, अशी तारमास्तरांची खात्री होती.

गोळ्या चालवा. थांबू नका.

"काय आलंय, मास्तर?"

तारमास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "हवामानाची तार आहे, साहेब. उद्या कोरडं राहील म्हणतात."

"हुकूम नाही?"

"नाही, साहेब."

साहेबांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तारमास्तरांनी मान काही वर केली नाही.

"मग आमचं इथे काय काम?" असं म्हणून साहेबांनी टोपी चढवली. दारात क्षणभर थांबून त्यांनी चौकटीवर बोटांनी टकटक केली आणि ते शिपायांना माघारी न्यायला निघून गेले.

 

वीस वर्षं यंत्राला कान लावून बसलेल्या तारमास्तरांनी ती टकटक बिनचूक वाचली : "मीही आधी तारखात्यातच होतो."