रंगुबाईचा आवाज

लग्नाआधीच तापात ज्ञानदेवतात्यांचे कान गेले, त्यामुळे बायकोचा, रंगुबाईचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ती वारल्यावर ऑपरेशन होऊन कानात मशीन बसलं. आज कानाच्या दवाखान्यातल्या मेघना मॅडम बारामतीहून लॅपटॉपवर ते जुळवत होत्या. तात्या बावडा गावात, घरीच. आवाज आला की हात वर करायचा.

तात्यांनी हात वर केला.

"तात्या, मी अजून आवाज सोडलाच नाही."

"बाई बोलतीय. 'अवं' म्हणतीय." त्यांनी पडद्यावर मॅडमचे ओठ बघितले, शेजारी सुनेचे बघितले. दोन्ही मिटलेले. त्यांचे डोळे भरले. "दिशा, तुझी सासू बारीक आवाजात बोलायची का गं?"

"न्हाय तात्या. आईंचा आवाज जाड, घोगरा हुता."

तात्यांनी मशीनचा कानामागचा भाग ओढून काढला. दिशाचे ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही.

बारीक आवाज मानेजवळ आला. "अवं, इकडं बघा की."