तुळईवरची तारीख

अधिकारी बाई स्टूलवर चढल्या आणि टॉर्चच्या उजेडात काउंटरवरची तुळई वाचू लागल्या. खाली काका दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. आपला परवाना जिच्या हातात, तिला पडू देऊन कसं चालेल?

"या सगळ्या जन्मतारखा?"

"हो. मूल झालं की बाप इथे यायचा, बसलेल्या सगळ्यांना पाजायचा. मी चाकूने तारीख कोरायचो. अठरा वर्षांनी तेच पोर समोर आलं की आधी वर बघायचो, मग ग्लास भरायचो."

गाव त्यांना कॅलेंडर म्हणायचं. ओळखपत्र ते परक्यांकडे मागत. गावच्या पोरांकडे मागायचं म्हणजे स्वतःच्या आठवणीवरच संशय घ्यायचा, आणि तेवढं मन काही त्यांचं होत नसे. एकोणचाळीस वर्षं असंच चाललं होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. खाली उतरवलेल्या तीनच. एकीवर चष्मेवाल्याची मुलगी, प्लास्टरमधला पाय पुढे करून. शेजारी तिची आई. तिसरी चष्मेवाल्याची, पण तो दाराशीच उभा होता.

दोन महिन्यांपूर्वी ही पोरगी दोन मैत्रिणींबरोबर आली होती. त्या दोघी बाहेरगावच्या, त्यांनी ओळखपत्रं दाखवली. हिनेही पर्स उघडली, तर काकाच म्हणाले, "तू काय दाखवतेस? तुझी तारीख माझ्या डोक्यावर आहे." पोरगी हसली आणि तिने पर्स मिटली. दोन ग्लास बिअर झाली. वळणावर स्कूटर घसरली, पाय दोन ठिकाणी मोडला. दाखल्यावर वय निघालं सतरा.

तुळईवर मात्र ती अठरा वर्षं दोन महिन्यांची होती.

"दाखल्यापुढे लाकूड टिकत नाही," बाई उतरत म्हणाल्या. "पण तुमचा खरोखरच गैरसमज झाला असं दिसलं, तर ताकीद देऊन सोडता येईल. नाहीतर ही तारीख तुम्ही अपघातानंतर कोरलीत असं मला धरावं लागेल. मग परवाना आजच जाईल. त्या दिवसाचा कोणी साक्षीदार?"

"दोघं वारले, एक परदेशी गेला. हे आहेत की." काकांनी दाराकडे हात केला. "यांच्याहून मोठा साक्षीदार कोण असणार?"

मग ते सांगू लागले. त्यांना असं सांगायला फार आवडायचं, आणि ऐकणारे आता उरले नव्हते. पूर्वी काय दिवस होते. पाववाला पिठाच्या हातांनीच यायचा, ग्लासांवर बोटं उमटायची. बसड्रायव्हरला जुळं झालं तेव्हा तो इतका घाबरला की सगळ्यांना पाजून स्वतः नुसतं पाणी प्यायला. आणि हा चष्मेवाला. बायको बाळंतपणाला आईकडे, लांबच्या गावी. दुपारी तार आली तसा तो दुकान उघडं टाकून धावत आला. "मुलगी," एवढंच म्हणाला आणि याच स्टूलवर बसून रडला. सगळे त्याला हसले. काकांनी तारीख कोरली तेव्हा खालून भुसा झेलायला तो ओंजळ धरून उभा होता.

"दुसऱ्या दिवशी गेला तो बायकोकडे, दीड वर्ष तिकडेच. दुकानाला कुलूप. आम्ही म्हटलं, लेकीचं भलतंच वेड. परत आले तेव्हा पोर कडेवर. वयाच्या मानाने बारकी होती, पण बारकी पोरंच पुढे ताडमाड होतात. बघा, झाली की नाही? एकुलती एक, लाडात वाढलेली."

पोरगी ओशाळून हसली. तिची आई फरशीकडे बघत होती.

अधिकारी बाई चष्मेवाल्याकडे वळल्या. "त्या तारखेला तुम्ही इथे आला होतात?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आठवत नाही."

"बापाला आठवत नाही असं कसं होईल? आला होतात की नव्हतात?"

"नव्हतो."

काकांना आधी राग आला. पाठोपाठ भीती वाटली, आणि ती रागाहून वाईट होती. डोळ्यांवरचा चष्मा याच माणसाने करून दिलेला. महिन्यापूर्वीच तो म्हणाला होता, काका, नंबर वाढलाय. डोळ्यांसारखं डोकंही गेलं असेल का? तो भुसा, ते रडणं, सगळं आपल्या मनाचंच असेल का? मग बाकीच्या तारखांचं काय?

"लिहा, बाई," ते हळूच म्हणाले. "म्हाताऱ्याची चूक झाली."

"चूक नाही लिहिता येणार, काका. खोटा पुरावा असं लिहावं लागेल."

काकांनी मान हलवली. बाईंनी कागद भरला आणि काउंटरवर सरकवला. जिथे एकोणचाळीस वर्षं त्यांनी ग्लास ठेवले, तिथेच ते सही करायला वाकले.

"अहो," चष्मेवाल्याची बायको पहिल्यांदाच बोलली. "त्यांना खोटं नका पाडू. सांगून टाका."

चष्मेवाला दारातून आत आला. काकांच्या हातातलं पेन त्याने काढून घेतलं.

"आलो होतो," तो म्हणाला. "काका म्हणतात ते सगळं खरं आहे. तारीखसुद्धा."

"मग ही अठराची?" बाईंनी विचारलं.

"ही सतराचीच." त्याने मुलीकडे पाहिलं. तिची माफी मागावी तसं. "त्या दिवशी झाली आणि जगली नाही, ती हिची थोरली बहीण."