कुमुदताईंच्या गळ्यातली जाहिरात

"देवाकडे एकच मागावं," कीर्तनकार कुमुदताई पूर्वरंगात म्हणाल्या, आणि त्याच गोड आवाजात पुढे, "गुडघेदुखीचं तेल! आजच मागवा!"

मंडप खो खो हसला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशननंतर गळ्यात बसवलेल्या यंत्रात त्यांनी कालच आवाज गोड करणारा फुकटचा प्रोग्राम घेतला होता. त्याच्याबरोबर ही जाहिरातींची पट्टी न विचारता आत शिरली होती.

मध्यंतरात ताईंना हार घातला, बुक्का लावला. लोक नामजप करू लागले. तेवढ्यात पेटीवाल्या नाखऱ्यांनी ते यंत्र चालवणारा ताईंचा मोबाइल हातात घेतला.

"ताई, उत्तररंगात द्रौपदीचा धावा आहे, तिथं तेल नको! प्रोग्राम आणि जाहिराती, दोन्ही काढतो. पण हा प्रोग्राम म्हणतोय, काढलंत तर आवाज कायमचा जाईल. धमकावतोय मेला! काढू?"

ताईंनी देवाकडे पाहिलं आणि मोबाइलवर स्वतःच बोट टेकवलं.

जप थांबला. ताईंनी तोंड उघडलं. काहीच उमटेना. मग घोगरा, दोन सूर खालचा, पण अगदी त्यांचाच आवाज आला, "धाव रे कृष्णा!"

"अहाहा!" म्हणत नाखऱ्यांनी पेटी दोन सूर खाली आणली, आणि अख्खा मंडप टाळ्यांचा ठेका धरून त्या घोगऱ्या सुरात कृष्णाला हाका मारू लागला.