आणखी दोन पावलं

कीओशा पुन्हा दोन पावलं आधीच उडी मारून बॉबस्लेडमध्ये, बर्फावरच्या त्या घसरगाडीत, बसली. कोच व्हर्नेलने ते बघितलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

निवड चाचणीतला स्लेड ढकलत पळायचा दुसरा प्रयत्नही वाया गेला. आता उरला एकच. त्यात दोन शतांश सेकंद कमी झाले नाहीत, तर पोरीचं ऑलिंपिक हुकणार. दोनशे मीटर धावणारी ही उबदार जॉर्जियाची पोर लेक प्लॅसिडच्या बर्फात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पण पळायची काय, बाई गं! बघून व्हर्नेल नुसती जळायची. एके काळी तीही अशीच पळायची. मग स्लेड ढकलायला लागली, ऑलिंपिकला जाऊन आली. संघाच्या खोलीतल्या फळ्यावर सगळ्यात वेगवान सुरुवातीचा विक्रम म्हणून चौदा वर्षं तिचंच नाव होतं. उतार लागला तरी आणखी दोन पावलं पळायचं, मगच उडी मारायची. ही युक्ती आपली आपणच शोधली, असं ती येईल त्याला सांगायची. तिची म्हातारी कोच हिल्डी शेगडीपाशी बोटं शेकत ते मुकाट ऐकून घ्यायची.

पोरीला हे सांगितलं तर फळ्यावरचं नाव जाणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही.

"कोच, माझं चुकतंय तरी काय?" कीओशाला रडू फुटायचंच बाकी होतं. "आईला काय तोंड दाखवू आता?"

जाऊ दे की घरी! मला काय त्याचं? व्हर्नेल तोंड फिरवून चालायला लागली. मग स्वतःवरच चिडून ओरडली, "उडी लवकर मारतेस, बये! आणखी दोन पावलं पळ!"

कीओशा पळाली. संघात आली, वर विक्रमही मोडला. फळ्यावरचं जुनं नाव पुसायला फडकं व्हर्नेलच्याच हातात आलं.

तिच्या पाठीमागे एक वार्ताहर कीओशाला विचारत होता, "हे दोन पावलांचं कुणी शिकवलं?"

"कुणी नाही हो," कीओशा हसत म्हणाली. "माझं मीच शोधलं."

व्हर्नेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फडकं आपटून ती वळली, तर समोर हिल्डी कॉफीचा कप घेऊन उभी.

"घे, पी गरम गरम. चौदा वर्षांपूर्वी तू हेच बोललीस, तेव्हा मला कुणी कॉफीसुद्धा विचारली नव्हती."