गोळ्या ठेवलेली खोली

गव्हाला कीड लागली म्हणून सुनेने धान्याच्या खोलीत विषारी गोळ्या ठेवल्या, दार ओढलं आणि फटींवर कागद चिकटवले. हात धुऊन येते, तर सासऱ्यांची खाट रिकामी. दुपारी त्याच खोलीत, पोत्यांआड गारव्याला पडायची त्यांची सवय. दार लावण्याआधी आत नीट पाहिलं होतं का, तेही तिला आठवेना.

तिने कागद ओरबाडले, पदर नाकाशी दाबला आणि "देवा, एवढ्या वेळी सांभाळ" म्हणत पोत्यांमागचा कोपरान्‌कोपरा चाचपला. आत कोणीच नव्हतं.


दारातून सासऱ्यांचा कापरा आवाज आला, "आधी बाहेर ये, पोरी. त्या खोलीकडे फिरकू नका म्हणून मी घरोघर सांगत फिरतोय, आणि तूच आत?"