डब्यातला बर्फ

महाडात बर्फाचा कारखाना चालवणारे मुरादशेठ मुलाला वर्षभर एकच सांगत होते, "बिलाल, शास्त्रज्ञ सून नको रे. घरात टिकायची नाय."

एके दिवशी बिलालनं त्यांना त्याच्या मनात भरलेल्या शास्त्रज्ञ उझ्माचं नवं यंत्र दाखवायला नेलं. हवेतल्या किती कणांभोवती ढगात बर्फ धरतो, ते मोजणारं कपाटाएवढं यंत्र तिनं जेवणाच्या डब्याएवढं केलं होतं. कणांशी शेठना देणंघेणं नव्हतं. पण डब्यातला थेंब डोळ्यांदेखत गोठला आणि त्यांना घाम फुटला. ही पोरगी दुसऱ्या कारखानदाराच्या घरात पडली तर आपलं शटर खाली! संध्याकाळीच ते मिठाई घेऊन तिच्या दारात हजर.

निकाहानंतर त्यांनी हळूच विचारलं, "बेटी, रोज किती लाद्या निघतील?"



"चमचाभर, अब्बा. बिलालला ठाऊक आहे की!"