मूळ चाल

लेकीने वायरचं एक टोक आप्पांच्या स्वस्तातल्या सीडी प्लेअरमध्ये, हेडफोनच्या जागी खोचलं आणि दुसरं घरातल्या जुन्या स्टिरिओला जोडलं. "आप्पा, प्लेअरचा आवाज निम्म्यावरच असू दे, नाहीतर गाणं फाटेल. वाढवायचा तो स्टिरिओवर."

आप्पांचं लक्ष स्वयंपाकघरात भेंडी चिरणाऱ्या कुमुदकडे होतं. बायकोचं डोकं दुखतं म्हणून ते वर्षानुवर्षं हेडफोन लावूनच गाणी ऐकत आले होते. आज मात्र आपलं सर्वांत लाडकं गाणं तिला ऐकवायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. तिला ते आवडेल का, याचीच धाकधूक होती.

गाणं सुरू झालं. कुमुद सुरी हातात घेऊनच बाहेर आली. दुसऱ्या ओळीला तिच्या कपाळावर आठी पडली, तसा आप्पांनी वायरला हात घातला.

"राहू द्या हो. पण चाल चुकली याची."

"अगं, मूळ गाणाराच आहे तो."

"असेल. हेडफोन लावून तुम्ही रोज केवढ्याने गाता, तीच चाल बरोबर."

आपण मनातल्या मनात गुणगुणतो, अशी आप्पांची समजूत होती. त्यांनी स्टिरिओचा आवाज पार बारीक केला आणि घसा खाकरला.